एका कुंपणाची कुळकथा

माणसांची भाऊबंदकी आपल्या ओळखीची असते. एकाच वाड्यात जन्मलेले दोन भाऊ. एक तालुक्याला जाऊन कचेरीत चिकटतो, दुसरा गावात राहून शेत बघतो. दोघांची मुलं एकमेकांना लग्नपत्रिकेपुरती ओळखतात आणि नातवंडांना तर 'हे आपले कोण लागतात?' असं विचारावं लागतं. शब्दांचंही अगदी असंच होतं. फरक इतकाच, की जुनी नाती उकरून काढणाऱ्याला शब्द 'तुम्हाला हो काय करायचंय?' असं विचारत नाहीत. म्हणूनच माणसांच्या चौकशा करण्याचं वय उलटल्यावर मी शब्दांच्या चौकशा करायला लागलो. छंद बिनखर्चाचा आहे. एक जाडजूड शब्दकोश, एक भिंग आणि दुपारची झोप न लागण्याची सवय, एवढ्या भांडवलावर तो चालतो.

इंग्रजीतला 'फेन्स' हा असाच एका फुटलेल्या घराण्यातला शब्द. फेन्स म्हणजे कुंपण. 'फेन्सिंग' म्हणजे तलवारबाजी. आणि वर पुन्हा फेन्सिंग म्हणजे कुंपण घालण्याचं काम, आणि त्या कामाला लागणारी तारही! लोखंडाच्या दुकानात जाऊन फेन्सिंग मागितलंत, तर दुकानदार काटेरी तारेचं भेंडोळं पुढे टाकतो. क्रीडासंकुलात जाऊन फेन्सिंग विचारलंत, तर जाळीचे मुखवटे घातलेली पोरं दाखवतात. दोन्हीकडे टोचणारं काहीतरी असतं, एवढंच काय ते वरकरणी साम्य.

या दुहेरी अर्थाचा प्रयोग आमच्याच घरात झाला. नात सुट्टीत फेन्सिंग शिकायला जाऊ लागली. त्याच सुमाराला आमच्या आत्याबाई मुक्कामाला आल्या होत्या. वय वर्षं ब्याऐंशी. कानाने थोड्या कमी, पण चौकशीला तरतरीत. सगळं आयुष्य कोकणात, दरवर्षी पावसाळा सरला की वाडीची वई नव्याने घालून घेण्यात गेलेलं. फेन्सिंग हा शब्द त्यांना चांगला ठाऊक. धाकट्या दिरांनी बागेला तारा ओढल्या तेव्हापासून तो घरात नांदतोय. त्या मला म्हणाल्या, "काय रे, पोरीला कुंपण घालायला शिकवतात? आणि त्याचे पैसे तुम्ही भरता? आमच्याकडे गडी येतो तो पैसे घेऊन जातो हो!"

मी म्हटलं, "अगं आत्या, ते कुंपण नव्हे. तलवार शिकवतात."

आत्याबाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मग बरं आहे. कुंपणावरून शेवटी तेच होतं. आधीच शिकून ठेवलेलं काय वाईट?"

त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं, ते सांगायला शब्दकोशाला बारीक टायपातला अर्धा रकाना लागतो.

तो रकाना सांगतो तो असा. 'फेन्स'चं मूळ घराणं 'डिफेन्स'. म्हणजे संरक्षण. हा शब्द फ्रेंचांकडून इंग्लंडात आला आणि चौदाव्या शतकात इंग्रजांनी त्याचं पहिलं अक्षर गिळून टाकलं. घाईघाईने बोलणाऱ्या लोकांची ही जुनीच खोड आहे. 'डिफेंडर'चा त्यांनी 'फेंडर' केला आणि मोटारीला लावला. 'डिस्पोर्ट' म्हणजे मनोरंजन, त्याचं 'स्पोर्ट' केलं आणि जगाला खेळायला लावलं. आपण हसायचं कारण नाही. आपणही तेच केलंय. संस्कृतातल्या 'अरघट्टा'चा पहिला 'अ' उडाला आणि आपल्या विहिरीवर 'रहाट' आला. 'उपविश' म्हणून पाहुण्याला आसन देणारे आपले पूर्वज. पुढे त्यातला 'उ' गळाला आणि 'बैस' उरलं. 'अरण्या'चं तर आपण 'रान' केलं. जंगलतोडीची सुरुवात शब्दापासून झाली, ती अशी.

तर आधी 'फेन्स' म्हणजे नुसतं रक्षण. पंधराव्या शतकात इंग्रज शेतकऱ्याने हा शब्द शेताभोवती रोवला आणि त्याचं कुंपण झालं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तोच शब्द तलवार परजून बाहेर पडला. शेताचं रक्षण करतं ते फेन्स, देहाचं रक्षण करतं ते फेन्सिंग. म्हणजे मूळ कल्पना मारायची नाही, वाचायची. समोरच्याची तलवार आपल्या अंगापासून दूर कशी ठेवावी, ही ती विद्या. फ्रेंच लोक या खेळाला 'एस्क्रीम' म्हणतात. त्याचंही मूळ जर्मानिक भाषांतल्या 'रक्षण करणे' याच अर्थाच्या शब्दात आहे. त्याच मुळातून जर्मन भाषेत 'शिर्म' हा शब्द झाला. शिर्म म्हणजे आडोसा, आणि 'रेगेनशिर्म' म्हणजे छत्री! सदाशिव पेठेतले काही आजोबा हातातली छत्री ज्या आवेशाने रोखून रिक्षा थांबवतात, तो आवेश व्युत्पत्तीला धरूनच आहे म्हणायचा.

इथवर सगळं सात्त्विक वाटतं. रक्षण, आडोसा, छत्री. पण कुळकथा आणखी एक पिढी मागे गेली की घोटाळा होतो. 'डिफेन्स' आला लॅटिनमधल्या 'देफेंडेरे'पासून. 'दे' म्हणजे दूर आणि 'फेंडेरे' म्हणजे मारणे, धक्का देणे. म्हणजे 'मारून दूर हटवणे'. त्याच फेंडेरेला दुसरा उपसर्ग लागला की 'ऑफेन्स' होतो, म्हणजे हल्ला आणि अपराध. हल्ला आणि बचाव हे सख्खे भाऊ निघाले! युद्धावर जाणारी दोन्ही सैन्यं 'आम्ही फक्त संरक्षण करतोय' असं का सांगतात, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. दोघांचे वडील एकच आहेत.

आणि हे वडील आपल्यालाही परके नाहीत. भाषाशास्त्रज्ञ सांगतात, की या 'फेंडेरे'चं मूळ आणि संस्कृतातल्या 'हन्' धातूचं मूळ एक. हनन, हत्या, घात, आघात, शत्रुघ्न ही सगळी त्या 'हन्'ची प्रजा. लोहाराचा घणही त्याच घरातला, कारण संस्कृतात 'घन' म्हणजे मारणारा, हातोडा. तेव्हा कुंपणाच्या तारेचा खांब ज्या घणाने ठोकतात तो घण आणि ते फेन्स हे एकमेकांचे दूरचे चुलतभाऊ आहेत. दर पावसाळ्याआधी एक भाऊ दुसऱ्याला ठोकून काढतो. भाऊबंदकीला याहून चांगला दाखला कुठला?

आता तलवारवाल्या शाखेचं पाहू. इंग्लंडात तलवारबाजीच्या शाळा पहिल्यापासून बदनाम. १२८५ साली, पहिल्या एडवर्डच्या राज्यात, लंडन शहराच्या हद्दीत तलवार-ढालीची शाळा चालवू नये असा कायदाच झाला. कारण उघड होतं. दिवसभर शिकलेला धडा विद्यार्थी रात्री रस्त्यावर गिरवायचे. असा गृहपाठ करणारे विद्यार्थी कुठल्याही मास्तराला हेवा वाटावा असे असले, तरी लंडनच्या नागरिकांना ते परवडत नव्हते. पुढे १५४० साली आठव्या हेन्रीने तलवारबाजीच्या मास्तरांना सनद दिली. हेन्रीला स्वतःच्या बायकांना कुंपण घालता आलं नाही, पण या विद्येला त्याने घातलं. मग तिथे रीतसर पायऱ्या आल्या. आधी विद्यार्थी, मग 'फ्री स्कॉलर', मग 'प्रोव्होस्ट' आणि शेवटी मास्तर. वरची पायरी गाठायची तर चव्हाट्यावर, लोकांसमोर, वरच्या दर्जाच्या लोकांशी लढून दाखवायचं. मी नोकरीत असताना बढतीची जी पद्धत होती, तिच्या मानाने ही फारच सभ्य वाटते. निदान वार समोरून यायचा.

या मास्तरांना पुढे स्पर्धा आली ती इटलीहून. एलिझाबेथ राणीच्या काळात लंडनला इटालियन 'रेपिअर'चं वेड लागलं. लांब, सडपातळ, भोसकायची तलवार. विन्चेन्त्सिओ साव्हिओलो नावाच्या इटालियन गुरूने १५९५ साली त्यावर इंग्रजीत पुस्तकही काढलं. हे पाहून जॉर्ज सिल्व्हर नावाच्या एका अस्सल इंग्रजाचं पित्त खवळलं. त्याने १५९९ साली 'पॅराडॉक्सेस ऑफ डिफेन्स' नावाचं पुस्तक लिहून इटालियन विद्येची सालटी काढली. त्याचं मुख्य म्हणणं असं, की या परक्या तलवारीत मारायची सोय आहे, वाचायची नाही. नाव डिफेन्सचं आणि शिकवतात ऑफेन्स! सिल्व्हर नुसतं लिहून थांबला नाही. त्याने आणि त्याच्या भावाने साव्हिओलोला जाहीर आव्हान दिलं, छापील पत्रकं शहरभर चिकटवली. लढत उंच मचाणावर व्हायची होती. हेतू हा, की फार मागे सरणाऱ्याने खाली पडून मान मोडून घ्यावी. ठरल्या वेळी लोक जमले, सिल्व्हरबंधू हजर झाले. साव्हिओलो मात्र आलाच नाही. हे सगळं सिल्व्हरच सांगतो, तेव्हा ते त्या हिशेबाने घ्यायचं. पण माझ्या मते न येणं हाच डिफेन्सचा सर्वोत्तम प्रकार असून साव्हिओलो खरा मास्तर होता.

याच सुमाराला शेक्सपिअर नाटकं लिहीत होता. त्याच्या 'द मेरी वाइव्हज ऑफ विंडसर'मध्ये स्लेंडर नावाचा एक बावळट नवरदेव आहे. नडगी कशी सुजली याची तो फुशारकीने हकिगत सांगतो. फेन्सच्या एका मास्तराशी तलवार खेळताना लागलं म्हणे, आणि पैज कसली, तर शिजवलेल्या आलुबुखारांच्या एका ताटलीची! आणि 'हॅम्लेट'चा शेवट आठवा. फेन्सिंगचा मित्रत्वाचा सामना, राजाराणी बघायला बसलेली, आणि एका तलवारीच्या टोकाला विष लावलेलं. एक शब्द, दोन नाटकं. एकात तो आलुबुखारापर्यंत जातो, दुसऱ्यात चार मुडदे पाडतो. कुंपणाचंही काही वेगळं नसतं. काही कुंपणांवरून लोणच्याच्या बरण्या जातात, काहींवरून दगड.

कुंपणवाली शाखा दिसायला गरीब, पण तिचा इतिहास तलवारीपेक्षा सौम्य नाही. लॅटिनमधल्या 'देफेन्सा'चं स्पॅनिश भाषेत 'देहेसा' झालं. देहेसा म्हणजे राखलेलं कुरण, आपल्याकडे गवताचं रान राखतात तसं. इंग्लंडात ही राखण पार्लमेंटने हातात घेतली. १६०४ ते १९१४ या काळात तिथे ५,२०० हून अधिक कायदे असे झाले, की ज्यांनी मोकळ्या, सामायिक जमिनींना कुंपणं पडली. एकूण जमीन सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या पाचव्या हिश्शाहून थोडी जास्तच. ज्या माळावर गावातल्या गरिबाची एक गाय चरायची, जिथून तो काटक्या गोळा करायचा, तो माळ एका सकाळी कुंपणाच्या पलीकडे गेला. तलवारीचा एक थेंबही रक्त न सांडता जेवढी माणसं कुंपणाने घराबाहेर काढली, तेवढी काढायला तलवारीला पुष्कळ धार लावावी लागली असती.

या घराण्यात एक तिसरा, वाया गेलेला भाऊही आहे. साधारण १७०० पासून इंग्रजी चोरांच्या भाषेत 'फेन्स' म्हणजे चोरीचा माल घेणारा. आडोशाने, गुपचूप व्यवहार करतो म्हणून तो फेन्स. त्या काळच्या लंडनमध्ये जोनाथन वाइल्ड नावाचा एक थोर माणूस होऊन गेला. लोक त्याला चोर पकडणारा म्हणून ओळखत. तुमचं घड्याळ चोरीला गेलं, तर वाइल्डकडे जायचं. थोडं बक्षीस दिलं की ते परत मिळायचं. मिळणारच! चोर त्याचेच होते. जो चोर ऐकेनासा होई, त्याला वाइल्ड पकडून फासावर देई आणि त्याचंही इनाम घेई. शेवटी १७२५ साली त्यालाच टायबर्नला फाशी दिलं. आमच्याकडे 'कुंपणानेच शेत खाल्लं' ही म्हण आहे. इंग्रजांनी ती म्हण अक्षरशः जगून दाखवली.

आणि मग त्यांनी ती आपल्याकडे आणून लावली. मिठावर कर होता. कर चुकवून मीठ इकडून तिकडे जाऊ नये म्हणून इंग्रज सरकारने हिंदुस्थानच्या छाताडावर एक जकातीची रेघ ओढली. १८६९ साली ती सिंधू नदीपासून महानदीपर्यंत, २,३०० मैल लांब होती आणि तिच्यावर सुमारे १२,००० माणसं पहाऱ्याला होती. त्या रेघेवर बराच भाग चक्क कुंपण होतं. बोरी, बाभळी, करवंदी, निवडुंग! आपल्या परड्यातली सगळी ओळखीची मंडळी सरकारी नोकरीत घेतली होती. ही वई वाढवण्यात ज्यांनी फार लक्ष घातलं, ते जकात खात्याचे कमिशनर अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. पुढे १८८५ साली काँग्रेस स्थापन करण्यात पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. आधी काटे लावायचे आणि मग पायात रुतलेला काटा काढायची सभा भरवायची, असा हा सगळा प्रवास आहे. १८७९ साली सरकारने ती रेघ पुसली, कर मात्र ठेवला. कुंपण इतकं विस्मरणात गेलं, की रॉय मॉक्सहॅम नावाच्या इंग्रजाने ते शोधायला हिंदुस्थानात खेटे घातले आणि २००१ साली त्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे पुष्कळांना ते कळलं. चिमूटभर मिठाला महाग झालेल्या माणसांची आठवण मात्र कुणी बोरी-बाभळींना विचारली नाही.

तलवार आणि कुंपण यांची पुन्हा गाठ पडली ती अमेरिकेत. इलिनॉयमधल्या डिकाल्ब गावच्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याला २४ नोव्हेंबर १८७४ रोजी काटेरी तारेचं पेटंट मिळालं. दोन तारांचा पीळ आणि त्यात अडकवलेली टोकं. युक्ती एवढीच, पण गुरांना ती बरोबर समजली. पुढे पहिल्या महायुद्धात तीच तार खंदकांसमोर अंथरली गेली आणि माणसांनाही समजली. चारशे वर्षांपूर्वी वेगळे झालेले भाऊ असे एकत्र आले. कुंपणाला तलवारीची टोकं फुटली.

आपल्या भाषेतला प्रकार थोडा निराळा आहे. आपली 'वई' आली संस्कृतातल्या 'वृति'पासून, आणि 'वृति' आली 'वृ' म्हणजे झाकणे, वारणे या धातूपासून. 'आवरण' आणि 'निवारण' ही त्याच धातूची लेकरं. म्हणजे आपलं कुंपण मारून दूर हटवत नाही. नुसतं झाकतं आणि आवरतं. यावरून आपली संस्कृती कशी थोर, असा एक लेख सहज लिहिता येईल, पण कोर्टात पडलेले बांधाचे दावे पाहता मी तो लिहिणार नाही. संस्कृतात 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्यापासून आपला वाडा आणि वाडी. आपली रोजची 'वाट' मात्र 'वर्त्मन्'पासून आलेली, तिचं या वाटेशी नातं नाही. पण पहिली वाट दुसऱ्या वाटेत आडवी आली, की भाषाशास्त्र संपतं आणि दिवाणी कायदा सुरू होतो.

कुंपणाच्या शब्दांना वाढायची मोठी हौस. जर्मन भाषेत 'झाउन' म्हणजे कुंपण. तोच शब्द डच भाषेत 'टाउन' असा काहीसा उच्चारला जातो आणि त्याचा अर्थ बाग. इंग्रजीत तोच 'टाउन', म्हणजे अख्खं शहर. आधी कुंपण, मग बाग, मग नगरपालिका. आणि सगळ्यात वरची उडी इराणी लोकांची. अवेस्ता भाषेत 'पैरिदएझ' म्हणजे सभोवती भिंत असलेली जागा. त्यातला 'पैरि' म्हणजे आपला 'परि'. हा शब्द ग्रीकांनी उचलला, इराणी राजांच्या बागांना लावला, मग बायबलच्या ग्रीक भाषांतरात तो आदम-ईव्हच्या बागेला लागला आणि 'पॅराडाइज' झाला. स्वर्ग म्हणजे काय, तर चांगलं कुंपण असलेली बाग. बंगल्यांच्या जाहिराती लिहिणाऱ्यांना ही व्युत्पत्ती कुणी शिकवली असावी?

तलवारीचा मात्र आता खेळ झाला आहे. १८९६ सालच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून फेन्सिंग आहे. टोक लागलं की नाही, हे सांगायला आता विजेची तार असते. म्हणजे हीही शाखा शेवटी तारेवर आली. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये चेन्नईची भवानी देवी उतरली. फेन्सिंगमध्ये ऑलिंपिकला गेलेली ती पहिली भारतीय. पहिला सामना तिने १५–३ असा जिंकला, दुसरा हरली. सुरुवातीला विजेच्या तलवारी महाग म्हणून ती बांबूच्या काठ्यांनी सराव करायची. हे वाचून मला फार बरं वाटलं. ज्या बांबूचं कुंपण करतात, त्यानेच तलवार शिकता येते. घराणं काही पूर्ण तुटलेलं नाही.

या खेळात सामना संपला की प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवायचा. कित्येक वर्षं तो नियमच होता. २०२३ साली मिलानच्या जागतिक स्पर्धेत युक्रेनच्या ओल्हा खार्लानने रशियन प्रतिस्पर्ध्याला हरवलं आणि हाताऐवजी तलवारीचं टोक पुढे केलं. तिच्या देशावर बॉम्ब पडत होते. पंचांनी तिला बाद केलं. पुढे बराच गदारोळ होऊन हस्तांदोलनाची सक्ती गेली. लांबून सलाम चालतो असं ठरलं. खार्लानला त्या दिवशी तलवारीएवढं अंतर हवं होतं. सगळी कुंपणं काही वाईट नसतात. ज्याच्या घरात शिरून मारलं आहे, त्याला कुंपण मागायचा हक्क असतो. प्रश्न उरतो तो, ज्यांच्यात कुणी कुणाला मारलेलं नाही त्यांचा. म्हणजे तुमचा-आमचा. म्हणजे, सांगायचं तर, माझा आणि शेजारच्या अप्पांचा.

आमच्या दोन घरांमध्ये चाळीस वर्षं मेंदीचं कुंपण होतं. मध्ये एक माणूस जाईल एवढी फट. त्या फटीतून विरजण, वर्तमानपत्र, थर्मामीटर आणि दोन्ही घरची मुलं यांची वाहतूक चाले. मग जमिनीची मोजणी झाली. नऊ इंच कुणाचे, हा प्रश्न निघाला. नऊ इंचांत फार तर तुळशीचं एक रोप मावतं. पण त्यात दोन वकील आरामात मावले. अप्पा वादी झाले, मी प्रतिवादी. इंग्रजीत प्रतिवादीला काय म्हणतात? 'डिफेंडंट'! पुन्हा तेच घराणं. मेंदी उपटली गेली, तिथे अप्पांनी पाच फुटी भिंत बांधली आणि वर काचा लावल्या. आमच्याकडचं विरजण दोन वर्षं विकत येत होतं.

एके रात्री दोन वाजता दाराची कडी वाजली. अप्पांच्या घरच्या वहिनी. अनवाणी, धापा टाकत. अप्पांच्या छातीत दुखत होतं. पूर्वी फटीतून बारा पावलांत आल्या असत्या. आता भिंत, मग फाटक, मग गल्लीचं वळण, असा वळसा घालून आल्या. आमच्या चिरंजीवांनी गाडी काढली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. त्या 'थोड्या'ची मोजणी मात्र कुणी केली नाही. वळशाला जी मिनिटं लागली, ती नऊ इंचांच्या कुठल्याच नकाशावर नव्हती.

महिन्याभराने अप्पा घरी आले. आठ दिवसांनी सकाळी भिंतीवर ठक्ठक् ऐकू आली. मी बाहेर जाऊन पाहिलं तर गवंडी हातात घण घेऊन उभा. अप्पा खुर्ची टाकून त्याच्यावर देखरेख करत बसलेले. माझ्याकडे न बघता ते गवंड्याला म्हणाले, "एवढंच पाड. एक माणूस जाईल एवढंच. बाकीची भिंत कोर्टात आहे." गवंड्याने अर्ध्या दिवसात काम उरकलं. दुपारी त्या भगदाडातून एक वाटी आमच्याकडे आली. तीत विरजण होतं.

खटला अजून चालू आहे. तो मागे घ्यायचा तर दोन्ही वकिलांची संमती लागेल, आणि ती मिळेल असं वाटत नाही. मात्र तारखेला आम्ही दोघं एकाच रिक्षाने जातो. जाताना पैसे वादी देतो, येताना प्रतिवादी.